लेथवर घडलेला कॅमेरा पुन्हा घडवूया

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात नातीला घेऊन कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरवरून जात होतो. तिथल्या कॅमेरा स्तंभाकडे बोट दाखवून तिने विचारलं, "आजोबा, इथे कॅमेरा का?" उत्तर द्यायला रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, तर अर्धा तास कसा गेला कळलं नाही. तेच आपल्या वाचकांपुढे मांडावंसं वाटलं.

दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पहिलेपणाचा तो मान त्यांचाच, त्याबद्दल वाद नाही. पण पुढच्या पाच वर्षांत कोल्हापुरात जे झालं ते मला, लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला, तेवढंच मोलाचं वाटतं. इथल्या माणसांनी कॅमेरा विकत आणला नाही, घडवला.

बाबूराव मेस्त्री आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून आडनाव मागे पडून 'पेंटर' झाले. त्यांनी मुंबईहून जुना प्रोजेक्टर आणला, खोलला, त्याचं मर्म समजून घेतलं आणि स्वतःचा कॅमेरा करायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालता केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा उभा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली.

हे काम किती अवघड, ते यंत्रावर हात चालवलेल्यालाच कळेल. फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असतात, एका चित्राच्या चौकटीला प्रत्येक बाजूला चार. फिल्म प्रत्येक वेळी बरोबर एकोणीस मिलिमीटर पुढे सरकली पाहिजे आणि लगेच जागच्या जागी थांबली पाहिजे. सरकताना शटर बंद, थांबली की उघडं. हे सेकंदाला सोळा वेळा, तेही हाताने हँडल फिरवून, सेकंदाला दोन फेरे या लयीत. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा खेळ कॅमचा, म्हणजे फिरता फिरता दुसऱ्या भागाला ढकलणाऱ्या वेड्यावाकड्या कडेच्या चकतीचा. त्याच्या कडेला केसाएवढा उंचवटा राहिला तरी पडद्यावर चित्र थरथरतं. आज संगणकावर चालणारं सीएनसी मशिन हे सहज करून देईल. त्यांच्याकडे लेथ, कानस आणि नजर एवढंच होतं.

त्या कॅमेऱ्यातून 'सैरंध्री' निघाला. १९२० मध्ये तो पुण्यात लागला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये कर्जापायी जमीन गमावलेला तरुण शेतकरी झाले व्ही. शांताराम. याच कंपनीत तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी १९२९ मध्ये सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. म्हणजे 'संत तुकाराम'ची वाटसुद्धा त्या लेथपाशी येऊन पोचते.

आणि आज 'सैरंध्री' पाहायचा म्हटलं तर मिळत नाही. मूळ मूक 'सावकारी पाश'ही नाही. ती नायट्रेटची फिल्म. एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, आणि न पेटताही आपोआप कुजून तिची भुकटी होते. कित्येक रिळं तर फिल्मवरच्या थरातल्या नुसत्या चांदीसाठी गाळली गेली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना आग लागली, त्या दिवशीची बातमी वाचून मला जेवण गेलं नव्हतं.

चित्रपट परत आणणं आपल्या हातात नाही. पण कॅमेरा परत करता येईल. कोल्हापुरातली आयटीआय, तंत्रनिकेतनं आणि उद्यमनगरातले कारखानदार यांनी मिळून त्या काळच्या धर्तीचा, हाताने फिरवायचा, खरोखर चित्र घेणारा कॅमेरा बनवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. काचेच्या कपाटात ठेवू नये. मुलांच्या हातात द्यावा, झाकण उघडून फिल्म थांबते कशी ते बघू द्यावं. स्तंभ पाहून माझ्या नातीला जे कळलं नाही, ते हँडल फिरवताना दोन मिनिटांत कळेल.

कुणी पुढाकार घेतला तर कॅम मी कापून देईन. घरचा लेथ अजून चालू आहे.

आपला,
एक निवृत्त टर्नर, कोल्हापूर