आज्जीच्या अंगठ्याला किंमत द्या

मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दसरा झाला की आमच्या गावात ट्रॅक्टर लागतात. पत्रे, भांडी, कोयते, एखादी शेळी असं सगळं ट्रॉलीत चढतं आणि आई-बाप पोरांना आज्जीच्या ओट्यावर सोडून ऊसतोडीला साखर कारखान्याची वाट धरतात. परततात ते थेट पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. तोवर पोरांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं, शाळा सगळं म्हाताऱ्यांच्या गळ्यात. कागदोपत्री मात्र ते त्या पोरांचे कुणीच नसतात.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या दुसरीतला एक मुलगा चिंचेवरून पडला आणि त्याचं कोपर मोडलं. आज्जी आणि मी त्याला घेऊन तालुक्याला एका दवाखान्यात गेलो. भूल देऊन तार घालावी लागेल, आई-वडिलांची सही आणा, असं सांगितलं. आज्जीनं पदराला पुसून अंगठा पुढे केला. "म्याच सांभाळते की ह्याला." कुणी बघितलंसुद्धा नाही. बाप कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात, त्याच्याकडे फोन नाही. टोळी नेणाऱ्या मुकादमाचा लागला तो संध्याकाळी. निघायचं तर खाडा पडणार, तो उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या हिशेबात धरला जाणार. तरी बिचारा निघाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. रात्रभर पोरगं हात छातीशी धरून बाकड्यावर बसलं होतं. तो हात अजून पुरता सरळ होत नाही.

मी नंतर कायदा वाचून काढला. राग आला होता म्हणून वाचला, खरं सांगायचं तर. 1890 चा पालक आणि पाल्य कायदा म्हणतो की अल्पवयीन मुलाचा सांभाळ जो करतो तो पालक. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातली व्याख्याही तशीच आहे. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी केलेल्या कृतीला पालकाची किंवा मूल कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे त्याची संमती पुरते, हे आधी भारतीय दंड संहितेत होतं, आता भारतीय न्याय संहितेत आहे. म्हणजे आज्जीला कायद्यानं नाकारलेलं नाही. खिडकीतला माणूस नाकारतो, कारण त्याला दाखवायला तिच्याकडे चिठोरंही नसतं. रीतसर पालकत्व घ्यायचं तर जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. पाच महिन्यांसाठी वकील कोण लावणार?

म्हणून मागणी एका पानाची आहे. हंगामी पालकपत्र. उचल घेऊन करार होतो त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत आई आणि वडील दोघांनीही त्यावर सही करावी, सांभाळणाऱ्याचं नाव असावं, परतीची तारीख असावी. उपचार, शाळा, दाखले आणि शिष्यवृत्तीचं खातं एवढ्यापुरतंच ते चालावं. पोराच्या नावावरच्या जमिनीला त्यानं हात लागता कामा नये. आणि नवरा-बायकोत वाद असेल तिथे एकट्या बापाच्या सहीवर हे पत्र मुळीच देऊ नये, नाहीतर आईपासून पोर तोडायला त्याचाच वापर होईल. गावात राहून हे प्रकार मी पाहिले आहेत.

बाल संगोपन योजनेत महिन्याला 2,250 रुपये मिळतात, पण आमच्या पोरांचे आई-बाप जिवंत आणि धडधाकट, त्यामुळे ती त्यात बसत नाहीत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह शिक्षण खात्याचं, त्यांच्यासाठीचीच संत भगवानबाबा वसतिगृहं सामाजिक न्याय खात्याची. वयात आलेल्या मुलीला आज्जीजवळ ठेवायला आई-बाप धजत नाहीत, फडाजवळच्या कोप्यावर, म्हणजे झोपड्यांत, सोबत नेतात, नाहीतर लग्न लावून मोकळे होतात. तिला वसतिगृहच हवं, तिथे माझं पानभर पत्र कामाचं नाही. पण सहा-सात वर्षांचं पोर आज्जीच्या कुशीतच झोपतं, त्याचं काय? ते कुठल्या खात्याचं, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून पत्र आपल्याला लिहिलं.

नमुना तयार करायला आमच्या शाळेचे शिक्षक बसतील. आपल्या कार्यालयातून कुणी यायचं असेल तर दसऱ्याच्या आधी यावं, नंतर सह्या करायला गावात कुणी नसतं.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. बीड