विहिरीतले ‘दात’ आणि देवमाशाची भावकी

मा. संपादक,
स. न.

गेल्या मे महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी मोहोळ तालुक्यातून पिशवीत काहीतरी बांधून घरी आला. त्याच्या विहिरीचे काम चालू आहे. सुरुंग उडवल्यावर काळ्या फत्तराच्या पोकळीतून पांढरे, टोकदार तुकडे निघाले होते. “सर, जनावराचे दात आहेत, लई जुने. पेपरात द्यायचे का?” ते दात नव्हते. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची जी पोकळी राहते, तिच्यात तयार होणारे झिओलाइट या खनिजाचे स्फटिक होते. गड्याचा चेहरा उतरला. पण जाता जाता त्याने विचारले, “मग तो वासुकी साप कच्छलाच कसा सापडला? आपल्याकडं का नाही?”

हा प्रश्न मला आजवर वर्गात कोणी विचारला नव्हता, म्हणून हे पत्र.

आपल्या पायाखालचा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. कच्छला ज्याचे जीवाश्म मिळाले तो वासुकी साप इओसीन काळातला, आणि हा काळ त्यानंतरचा, ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे तेव्हा आपला हा माळ होताच आणि त्यावर जनावरेही हिंडली असतील. पण मेलेले जनावर टिकायचे तर त्यावर लवकर गाळ बसावा लागतो. इथली जमीन तेव्हा झिजत होती. कच्छच्या उथळ समुद्रात आणि किनाऱ्यावर मात्र गाळ साठत होता. नोंद तिथे राहिली, इथली वाहून गेली. जीवाश्म सापडत नाहीत म्हणजे जीव नव्हते, असा अर्थ काढणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

वासुकीची बातमी २०२४ मध्ये सगळ्या वृत्तपत्रांत झळकली. ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा साप, लांबी अंदाजे ११ ते १५ मीटर, वर नाव शंकराच्या गळ्यातल्या नागाचे. सिद्धेश्वरांच्या गावात तर चर्चा व्हायचीच. त्याचे २७ मणके पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत २००५ मध्येच मिळाले होते आणि आधी ते मगरीचे वाटले होते, हे मी त्या विद्यार्थ्याला मुद्दाम सांगितले. तज्ज्ञही फसतात. बॅसिलोसॉरस या इओसीनमधल्या देवमाशाला १८३४ मध्ये सरपटणारा प्राणी समजून नाव दिले गेले, ते आजतागायत तसेच आहे.

माझी तक्रार एवढीच की सापाच्या लांबीने मथळे मिळवले आणि त्याच कच्छमधला त्याहून मोठा ऐवज झाकलेला राहिला. देवमासा हा जमिनीवरच्या खुरवाल्या प्राण्यांतून निघाला, याचे जगातले उत्तम पुरावे भारत आणि पाकिस्तानच्या इओसीन खडकांत आहेत. कच्छमध्येच कच्छीसीटस आणि रेमिंग्टनोसीटस मिळाले. आखूड पायांचे, लांब तोंडाचे, पाण्यातही वावरणारे हे देवमासे. जम्मूच्या कालाकोट भागात भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांना मिळालेला इंडोहायस हा खुरवाला प्राणी तर मांजराएवढा, दिसायला आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरी हरणासारखा. रावांनी गोळा केलेले दगड त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीने हान्स थेविसन या संशोधकाकडे सोपवले. त्यातली एक कवटी काम करताना चुकून फुटली आणि कानाचे हाड उघडे पडले. एका बाजूला जाड झालेले असे हाड तोवर फक्त देवमाशांत माहीत होते. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. इंडोहायसच्या पायांची हाडेही जड, पाण्यात तळाशी चालायला सोयीची.

इथे एक गफलत आम्ही शिक्षकच करतो. फळ्यावर बाणांची साखळी काढतो: हा झाला, मग तो झाला. पण इंडोहायसचे जीवाश्म सुमारे ४.८ कोटी वर्षांचे, आणि पाकिस्तानातला पाकिसीटस हा आद्य देवमासा त्याच्याही थोडा आधीचा. मग इंडोहायस त्याचा आजोबा कसा? तो चुलत्यांच्या घरातला. उत्क्रांती ही साखळी नसून भावकी आहे: एका मूळ पुरुषाच्या शाखा, काही अजून नांदतात, काही निर्वंश झाल्या. गावाकडच्या मुलाला हे एका वाक्यात कळते. ‘मधला दुवा’ म्हटले की तो उगाच एकच हाड शोधत बसतो.

दहावीच्या आपल्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे, हे चांगलेच. एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीतून उत्क्रांतीचा भाग काढला, आपल्या मंडळाने तसे करू नये. पण उदाहरणात बदकचोच्या प्लॅटिपस येतो, जो पोरांनी जन्मात पाहिलेला नसतो, आणि शेजारचा कच्छ येत नाही. शिवाय कार्बनी वयमापन वाचून मुले सगळे जीवाश्म त्यानेच मोजतात. कार्बन-१४ पन्नासेक हजार वर्षांपलीकडे उपयोगाचा नाही. कच्छच्या थरांचे वय ठरवायला न्युम्युलाइटसारखे सागरी जीव मदतीला येतात. दिसायला नाण्यासारखे, आणि जमिनीत मिळालेल्या नाण्यावरून राजवट ओळखतात, तसेच त्यांचे काम.

सोलापूर विज्ञान केंद्राने इंडोहायस आणि कच्छीसीटसच्या सांगाड्यांच्या प्रतिकृती मागवाव्यात, आणि शाळांनी सहलीत त्यासमोर अर्धा तास थांबावे, अशी विनंती आहे. तोवर एक स्वस्त साधन सुचवतो. बोकडाच्या मागच्या पायाच्या घोट्यात दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेले एक हाड असते. खुरांची संख्या सम असलेल्या प्राण्यांची ती खूण. २००१ मध्ये पाकिस्तानातल्या इओसीन देवमाशांच्या घोट्यात नेमके तसेच हाड मिळाले आणि देवमाशांच्या मुळाबद्दलचे बरेच वाद मिटले. मटणासाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या शहरात ते मिळायला अडचण नाही.

माझ्या विद्यार्थ्याने ‘दात’ माझ्याकडेच ठेवले आहेत. पुढच्या खेपेला येताना घोट्याचे हाड घेऊन येतो म्हणाला.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जुळे सोलापूर