बाबा, गोळी बंद करू नका

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबांचा आवाज खणखणीत होता. बरं वाटलं. पण लगेच त्यांनी जाहीर केलं, की हृदयाचा एमआरआय चांगला आला, आता रक्त पातळ करायची गोळी बंद. वाद घालायला गेलं की बाबांची रेंज जाते, म्हणून लिहूनच पाठवते. आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

आधी तुझी काळजी. रिपोर्टात 'स्कार', म्हणजे व्रण, आहे म्हणून तू रात्रभर जागलीस. अगं, तो स्कार आपण पैसे मोजून करवून घेतलाय! फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरा डाव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात, जिथे उघडतात, तिथूनच बहुतेक वेळा बाबांची ही अनियमित ठोक्यांची धडधड (एट्रियल फिब्रिलेशन) सुरू होते. फ्रान्समधल्या बोर्डोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये ते दाखवून दिलं. म्हणून बाबांचं जे अब्लेशन झालं, त्यात त्या तोंडांभोवती मुद्दाम डागतात. तिथे व्रण धरला की त्यातून ठोक्यांची वीज पुढे जात नाही.

एमआरआयच्या वेळी हातातून गॅडोलिनियम नावाचं औषध टोचलं, ते निरोगी स्नायूतून लवकर निघून जातं, व्रणात रेंगाळतं आणि चित्रात पांढरं दिसतं. म्हणून बाबांना मशीनमध्ये एवढा वेळ आडवं ठेवलं. अब्लेशननंतर लगेच केलं असतं तर सूजही तशीच पांढरी दिसली असती, त्यासाठी तीन महिने थांबले. खरं तर सगळ्यांना हा एमआरआय करत नाहीत, होल्टरवर, म्हणजे अंगावर लावून ठोके नोंदवणाऱ्या यंत्रावर, भागतं. मध्यंतरी बाबांना पुन्हा धडधडलं म्हणून डॉक्टरांनी सांगितला.

बाबा, गॅलरीत फिल्म उजेडासमोर धरून तुम्ही फोटो पाठवलात, त्यात समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी जास्त आणि अलिंद कमी दिसतं. पण रिपोर्ट नीट वाचला. शिरांभोवती व्रण बरा धरलाय, उजवीकडच्या खालच्या शिरेपाशी थोडी फट आहे. ना त्या फटीने घाबरायचं, ना बाकीच्या पांढऱ्याने हुरळून जायचं. अलिंदाची भिंत दोन-तीन मिलिमीटरची, आणि एमआरआयचा एक ठिपकाच मिलिमीटरहून मोठा. म्हणजे अख्खी भिंत एक-दोन ठिपक्यांत उरकते! चित्रात फट दिसते तिथे वीज अडलेली असू शकते, आणि सलग दिसतं तिथून निसटतही असेल. एमआरआयवर दिसणारा आधीचा खराब भागही जाळून टाकला तर गुण येईल, असंही लोकांना वाटत होतं. ८४३ रुग्णांवर करून पाहिलं, २०२२ मध्ये निकाल आला: नुसतं शिरांभोवती डागण्यापेक्षा काही जास्त फायदा झाला नाही. तुमचा होल्टर स्वच्छ आहे, तेव्हा डॉक्टर थांबू म्हणतात ते मला पटतं.

आता गोळी. ती व्रणासाठी नाहीच मुळी. अलिंद नीट आकुंचन पावलं नाही की त्याच्या कोपऱ्यातल्या पिशवीत रक्त साकळतं, आणि ती गुठळी मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू. गोळी चालू ठेवायची की नाही, हे वय, बीपी, साखर, आधीचा झटका यांवरून ठरतं. बाबा, तुमच्यात पहिली तिन्ही आहेत. एमआरआय कितीही सुरेख आला तरी त्यातलं एकही कमी होत नाही. शिवाय अब्लेशननंतर धडधड न जाणवताही ठोके बिघडू शकतात. सूरसागरच्या कट्ट्यावर बसून नाडी मोजता, मोजा, पण त्यावरून निकाल देऊ नका. आणि खालच्या मजल्यावरच्या काकांनी त्यांची गोळी बंद केली असेल, तर तो त्यांचा नि त्यांच्या डॉक्टरांचा प्रश्न.

आई, गोळ्यांची डबी आठवड्याची एकदम भरत जा, म्हणजे कुठली राहिली ते दिसेल. पुढच्या भेटीला क्रिएटिनिनचा रिपोर्ट न्या, या गोळीचा डोस ठरवताना किडनीही बघतात. दाढ काढायची आहे ना, तर गोळी चालू असल्याचं दाताच्या डॉक्टरांना आधी सांगा. एक-दोन दिवस थांबवायची का, ते हृदयाच्या डॉक्टरांनाच ठरवू दे. कमाटीबागेतली सकाळची फेरी चालू ठेवा. शेव-उसळीचं मी काही बोलत नाही, आई बघून घेईल.

तुमची,
धाकटी