ती शिंगं काढा हो!

संपादकसाहेब, नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतलं सॅक्सन-व्हायकिंग लढायांच्या कादंबरीचं परीक्षण वाचलं. लिहिणाऱ्या महाशयांनी पुस्तक वाचलं असेल (पहिली पन्नास पानं तरी) असं धरून चालतो. पण सोबत छापलेल्या चित्रात व्हायकिंगच्या हेल्मेटला शिंगं आहेत, तीही चांगली खिल्लारी बैलासारखी! अहो, व्हायकिंग शिंगं लावून लढत नव्हते. नॉर्वेत ग्येर्मुंडबूला 1943 मध्ये जे हेल्मेट सापडलं ते साधं गोल, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी पट्टी, बास. शिंगं आली ती 1876 मध्ये जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेराच्या कपडेपटातून. आणि ढालीला ढाल भिडवून खेटून उभं राहायचं तिथे शेजाऱ्याच्या डोळ्यात शिंग जाणार, वर समोरच्याला कुऱ्हाड अडकवायला आयती खुंटी, एवढं तरी कुणाच्या डोक्यात यायला हवं होतं की नाही?

चिडायला कारण आहे. गेल्या वर्षी नातवाच्या शाळेत फॅन्सी ड्रेस होतं, त्याला व्हायकिंग व्हायचं होतं. मी चार रात्री बसून पुठ्ठा आणि चंदेरी कागदाचं हेल्मेट केलं, हुबेहूब ग्येर्मुंडबूचं. स्टेजवर परीक्षक बाई विचारतात, "बाळा, तू स्कूटरवाला का?" अख्खा हॉल हसला. पहिला नंबर शिंगवाल्या पोराला. नंतर मी बाईंना शांतपणे (बायको म्हणते, अजिबात शांतपणे नाही) सांगायला गेलो तर म्हणाल्या, "आजोबा, पेपरात तर शिंगंच असतात." नातू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आता सांगा, कुणाला धरायचं?

परीक्षणाबद्दल काय बोलायचं. इंग्लंडमधल्या सॅक्सन राजा आल्फ्रेडने पाव करपवले ही गोष्ट खरीच घडल्यासारखी दिलीय, ती त्याच्या मागे कुणीतरी संतचरित्रात घुसडलेली. वर "आल्फ्रेडचा गनिमी कावा". अथेल्नीच्या दलदलीत लपून छापे घातले तिथवर ठीक, पण मे 878 मध्ये एडिंग्टनला तो उघड्यावर ढालींची भिंत करून लढला, मग चौदा दिवस वेढा घालून व्हायकिंगांचा राजा गुथ्रुम याला उपाशी पाडून शरण आणलं, आणि मारायचं सोडून त्याला बाप्तिस्मा देऊन स्वतःचा धर्मपुत्र करून घेतलं. एवढं सगळं हाताशी असताना महाशयांनी तीन परिच्छेद "रक्तरंजित वर्णनांचा अतिरेक" यावर घालवलेत. युद्धाच्या कादंबरीत काय हळदीकुंकू हवं होतं?

पुढच्या रविवारी छोटीशी दुरुस्ती छापा, फार मोठी नको. कात्रण लॅमिनेट करून बाईंना नेऊन देणार आहे.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे

ता. क. शब्दकोड्यात 14 उभा ही चौकटच नव्हती. सूचना मात्र होती. अर्धा तास शोधत बसलो.