रक्तातली बुरशी

प्रिय मीना,

परवा फोनवर तू विचारलंस, "बुरशी ओल्या भिंतीला येते गं, बाळाच्या रक्तात कशी जाईल?" ड्युटीवर होते, धड बोलता आलं नाही.

अगं, २६ आठवड्यांचं, ९०० ग्रॅमचं बाळ. कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा मोजून घ्याव्यात. दूध पचत नाही म्हणून दोऱ्याएवढ्या लाइनमधून शिरेतच साखर, प्रथिनं, स्निग्ध सगळं द्यायचं. ही बुरशी म्हणजे कॅन्डिडा; तो नेमका तिथेच चिकटतो. एरवी तो माणसाच्या अंगावर, आतड्यात गुपचूप राहतो. त्याची पॅराप्सिलोसिस ही जात तर आम्हा डॉक्टर-नर्स लोकांच्या हातांवरून फिरते. लाइनमध्ये एकदा त्याचा चिकट थर बसला की औषधही आत शिरत नाही.

बाराव्या रात्री बाळ मधेच श्वास थांबवायला लागलं. साखर चढली, प्लेटलेट ३०,०००वर घसरल्या. ताप मात्र नाही. कल्चरसाठी, म्हणजे रक्तात जंतू उगवतात का ते बघायला, १ मिलिलिटर रक्त काढताना हात जड झाला; अख्ख्या अंगात असतं जेमतेम ८०. आणि एवढ्याशा रक्तात बुरशी असूनही कित्येकदा उगवत नाही. आमची उगवली.

खरं सांगू? आधीचं कल्चर कोरं असूनही मी भारी अँटिबायोटिक दहा दिवस चालू ठेवलं होतं. बाळापेक्षा मलाच धीर हवा होता. आतड्यातले चांगले जंतू मेले आणि बुरशीला रान मोकळं झालं.

लाइन लगेच काढली. दुसरी शीर सापडेपर्यंत सिस्टरना घाम फुटला. मग अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध, तेही डेक्स्ट्रोजमध्येच, म्हणजे साखरेच्या पाण्यात; सलाईनमध्ये घातलं तर साका बसतो. ते मूत्रपिंडाला जड जातं, म्हणून रोज लघवी मोजायची, पोटॅशियम बघायचं. बुरशी मेंदूत, डोळ्यांत, मूत्रपिंडात जाऊन बसते, म्हणून पाठीतलं पाणीही तपासलं. कॅन्डिडाची ऑरिस ही जात नव्हती हे नशीब. तिच्यावर फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध बहुधा चालत नाही, आणि वॉर्डातून ती हलता हलत नाही. जिथे हा संसर्ग वारंवार होतो तिथे हजार ग्रॅमखालच्या बाळांना फ्लुकोनाझोल आधीपासूनच देतात. आमच्याकडे ते सुरू करावं म्हणून मी आता भांडतेय.

आईने विचारलं, "मी हात लावला म्हणून झालं का?" मी नाही म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी बाळ तिच्या छातीवर ठेवलं. दहा दिवसांचं मात्र तिला अजून सांगितलेलं नाही.

कल्चर कोरं आल्यापासून औषध १४ दिवस द्यायचं. आज नववा. नळीतून आईचं दूध ३ मिलिलिटर जातंय, आणि पचतंय.

तुझीच,
शुभा