काउंटरवरच्या माणसाला अधिकार द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दुकानांतल्या सेवेबद्दल वाचकांची पत्रे येतात ती मी आवर्जून वाचते, कारण माझी सगळी नोकरी पादत्राणांच्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर गुडघे टेकून जोड चढवण्यात गेली. विक्रेते उर्मट झालेत, नीट बोलत नाहीत, मोबाइलमधून डोके वर काढत नाहीत, असा बहुतेक पत्रांचा सूर असतो. तक्रार खोटी नाही. पण काउंटरच्या दोन्ही बाजू पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे की सेवा चांगली की वाईट हे विक्रेत्याच्या हसण्याबोलण्यावर फार थोडे अवलंबून असते. त्याला मालाची माहिती आहे का, आणि गिऱ्हाइकाचे काम तिथल्या तिथे मार्गी लावायचा अधिकार त्याला दिला आहे का, यावर सगळे ठरते. आणि या दोन्ही गोष्टी मालकाने द्यायच्या असतात.

माहितीचे उदाहरण देते. एखादे गृहस्थ बूट घेऊन येतात. वर चामडे नव्यासारखे, पण तळ भुसभुशीत होऊन हातात येतोय. ते सांगतात, "अहो, दोन-चारदाच घातलेत, बाकी डब्यातच होते." नवखा विक्रेता मनात म्हणतो, हा माणूस थापा मारतोय. तो तसे बोलत नाही, पण चेहऱ्यावर दिसतेच, आणि तिथून भांडणाला सुरुवात होते. खरे तर ते गृहस्थ अक्षरशः खरे बोलत असतात. पॉलीयुरेथेनचा, म्हणजे फेसासारख्या हलक्या प्लास्टिकचा तळ हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातो. वापरा किंवा नका वापरू, काही वर्षांनी त्याचा भुगा होतोच. दमट हवेत बंद डब्यात पडून राहिलेल्या जोडाचे तर हे हमखास होते. ज्याला हे ठाऊक आहे तो विक्रेता आधी जोड केव्हा बनला ते बघतो, कारण विकण्यापूर्वी तो गोडाऊनमध्येच किती काळ पडून होता हा खरा प्रश्न असतो. मग तो गिऱ्हाइकाला कारण समजावून सांगतो. माणूस खोटा पडत नाही, आवाज चढत नाहीत. हे ज्ञान शिकवायला मालकाला एक दुपारसुद्धा लागणार नाही.

मापाचेही तसेच. आम्हाला शिकवले होते की गिऱ्हाइकाला उभे करूनच माप घ्यायचे, कारण अंगाचा भार आला की पाऊल पसरते. दोन्ही पावलांचे घ्यायचे, कारण दोन्ही क्वचितच सारखी असतात, आणि नंबर मोठ्या पावलाचा धरायचा. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही, शेजारचेही असते. संध्याकाळपर्यंत पावले थोडी सुजतात, म्हणून सकाळी घट्ट बसणारा जोड दिवस मावळताना चावतो. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२०च्या दशकात लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतर एकदम मोजणारी धातूची पट्टी तयार केली. तिच्यात न समजण्यासारखे काही नाही. तरी आज बहुतेक दुकानांत "तुमचा नंबर काय?" एवढेच विचारतात आणि डबा पुढे सरकवतात.

सर्वांत वाईट वाटते ते एका ठरलेल्या खोट्याचे. "घाला बिनधास्त, वापरून सैल होईल." चामडे रुंदीला थोडे सैलावते, लांबीला नाही. पुढे बोट टेकत असेल तर ते टेकतच राहणार. सिंथेटिक जोड तर रुंदीलाही फारसा देत नाही. हे वाक्य बोलणाऱ्यांना बहुतेकदा हे ठाऊक असते, पण महिनाअखेरीचे टार्गेट डोक्यावर असते.

याच्या नेमके उलटही पाहिले आहे. अलीकडे मी स्वतः चालण्यासाठी बूट घ्यायला गेले होते. तिथल्या मुलीने जोड चढवला, मला दुकानभर चालायला लावले, मग खाली बसून चवड्याच्या दोन्ही कडांना बोटाने दाबून पाहिले आणि म्हणाली, "काकू, हा घेऊ नका. तुमचा चवडा रुंद आहे, एक नंबर मोठा दिला तर टाच निसटेल. आमच्याकडे रुंद साच्याचे जोड नाहीत." तिने विक्री सोडली. मी मुद्दाम विचारले, तुला साहेब बोलणार नाहीत का? ती म्हणाली, "परत आलेला जोड इथे जास्त महाग पडतो, असं साहेबच सांगतात." मला सेवा काय असते ते त्या मुलीत दिसले, आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या, मला न दिसलेल्या तिच्या साहेबांतही.

विक्रेत्याला माहिती असावी ही अपेक्षा कमी होत गेली त्याला इतिहास आहे. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी 'पिग्ली विग्ली' हे दुकान काढले आणि गिऱ्हाइकाने टोपली घेऊन स्वतःच माल उचलायचा अशी पद्धत सुरू केली. त्याआधी काउंटरमागचा माणूस माल काढून द्यायचा. नव्या पद्धतीत सोय पुष्कळ आहे, मीही तिचा फायदा घेते. साबण किंवा वही घेताना मला कोणाचा सल्ला नको असतो. पण पायात घालायची, कानाला लावायची, आजाऱ्यासाठी घ्यायची वस्तू निराळी, आणि तिथेही आता बिल करणारा एक आणि दारावर बिल तपासणारा एक, मधे कोणी नाही.

आता अधिकाराचे. एका मोठ्या दुकानातून घेतलेल्या माझ्या सँडलचे बक्कल लगेचच तुटले. शिलाई तशीच होती, फक्त बक्कलची खीळ निघाली होती. पाच मिनिटांचे काम. काउंटरवरचा मुलगा नम्र होता, दोनदा माफी मागितली, पाणी विचारले. आणि म्हणाला, "मॅडम, सिस्टिममध्ये ऑप्शनच येत नाही. तुम्ही हेल्पलाइनला तक्रार टाका." हेल्पलाइनवर आधी यंत्र बोलले, मग नंबर मिळाला, मग निरोप आला की जवळच्या दुकानात जा. म्हणजे त्याच मुलापुढे. बिचारा मला बघून कसनुसा झाला. आणि तिसऱ्या दिवशी फोनवर विचारणा: आमच्या कर्मचाऱ्याला पाचपैकी किती तारे द्याल? ज्याच्या हातात काहीच ठेवले नाही त्याला मी तारे कशाचे द्यायचे? कमी दिले तर म्हणे त्याचा इन्सेंटिव्ह कापला जातो. मी पाच दिले, पण त्या पाच ताऱ्यांतून मालकाला काय समजले असेल?

आमच्या जुन्या मालकांचा नियम साधा होता. ठरावीक रकमेपर्यंत दुरुस्ती, बदल किंवा पैसे परत, हा निर्णय समोरच्या विक्रेत्याने घ्यायचा आणि वहीत कारण लिहायचे. लोक म्हणतील, अशाने कोणीही लुबाडेल. झाले उलटेच. निर्णय आपला म्हटल्यावर आम्ही जोड नीट उलटसुलट करून बघायचो. टाच किती झिजली, आतल्या अस्तरावर बोटांचे ठसे उमटलेत का, तळ चिकटवलेल्या जागी उकलला की धारदार वस्तूने कापला, हे हाताला कळते. खोटी तक्रार आम्हीच ओळखायचो आणि ठामपणे नाही म्हणायचो. महिनाअखेरीला मालक वही वाचायचे. एकाच जोडाच्या तीन तक्रारी दिसल्या की कारखान्याला फोन जायचा. आजच्या तक्रार क्रमांकांतून ही वाचणारी नजर गेली आहे.

१५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी तिथल्या काँग्रेसपुढे, म्हणजे संसदेपुढे, ग्राहकाचे चार हक्क मांडले: सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा आणि म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा. म्हणून १५ मार्च हा जागतिक ग्राहक दिन. चौथ्या हक्काबद्दल मला फार वाटते. काही करायची मुभाच नसलेल्या माणसाने ऐकून घेतले तर तो हक्क पुरा झाला असे मी मानत नाही.

आणखी एक विषय कोणी काढत नाही म्हणून लिहिते. बसण्याचा. ब्रिटनमध्ये १८९९ साली कायदा झाला की दुकानात काम करणाऱ्या दर तीन स्त्रियांमागे किमान एक आसन हवे. आपल्याकडे केरळने विक्रेत्यांच्या बसण्याच्या हक्काची तरतूद केली ती २०१८ मध्ये, तीही तिथल्या दुकानांतल्या बायकांनी लढा दिल्यावर. दिवसभर उभे राहून माझ्या पिंढऱ्यांच्या शिरा फुगल्या, त्या आजही तशाच आहेत. गिऱ्हाईक नसतानाही बसायचे नाही, कारण ते बरे दिसत नाही, असे सांगणारे दुकानदार अजून आहेत. संध्याकाळी सातला त्या बाईच्या तोंडावर हसू नसेल तर त्याचे कारण तिच्या स्वभावात शोधू नका.

तेव्हा वाचकांना माझी विनंती आहे. तक्रार जरूर करा, सोडू नका. पण समोरच्या मुलावर आवाज चढवून किंवा त्याचे नाव लिहून घेऊन थांबू नका. शांतपणे एवढे विचारा: हा जोड बदलून द्यायचा निर्णय तुमच्याकडे कोण घेतो, आणि तो माणूस आत्ता दुकानात आहे का? उत्तर मिळाले नाही तर तेच मालकाला लेखी विचारा.

आपली नम्र,
पादत्राणांच्या दुकानातील एक निवृत्त विक्रेती