तुझ्या धनुष्याला कोल्हापुरी चामडं

कोल्हापूर,
गौरी विसर्जनाचा दुसरा दिवस

प्रिय बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

धनुष्याचा फोटो मिळाला. तुझ्या आईनं तो बोटांनी मोठा करून करून बघितला आणि म्हणाली, "एवढं साधं?" मला तर त्या साधेपणानंच भारून टाकलं. ना हल्लीच्या धनुष्यांसारखी चाकं, ना नेम धरायची काडी. एक लाकूड, एक दोरी आणि मुठीला गुंडाळलेली वादी. उद्यमनगरात पस्तीस वर्षं मी ओतकामाच्या साच्यांसाठी सागवानाचे पॅटर्न घासले. लाकडाचा कागदाएवढा पदर कुठं काढायचा आणि कुठं हात आवरायचा हे कळायला माझी दहा वर्षं गेली. तुझं धनुष्य ज्यानं घडवलं त्याला ते कळतं. वरची आणि खालची पाती सारखी वाकलीय का, ते मी फोटोवर फूटपट्टी ठेवून पाहिलं. सारखी वाकलीय.

पोटाकडचं, म्हणजे ओढताना तुझ्याकडं असतं त्या बाजूचं लाकूड ऑसेज ऑरेंज म्हणालीस. नाव संत्र्याचं, पण झाड तुती-फणसाच्या कुळातलं. तो पिवळा रंग मला ओळखीचा वाटला तो म्हणूनच. आजोळी फणसाच्या फळ्या नुकत्या चिरलेल्या असल्या की अशाच हळद लावल्यासारख्या दिसायच्या. आणि पाठीला बांबूची पट्टी. धनुष्य ओढलं की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं; बांबू ताण सोसतो, ते पिवळं लाकूड दाब सोसतं. माझ्या आज्जांचा कामठा, म्हणजे बांबूचं धनुष्य, तोही सालीची बाजू बाहेर ठेवूनच केलेला होता. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

आता वजनाचं, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या जोराचं. पातीवर ४२ पौंड लिहिलंय, पण ते २८ इंच ओढल्यावर. तुझे हात तुझ्या आईसारखे, तुझी ओढ २६ इंचांची. एका इंचामागं अडीच पौंड धर, म्हणजे तुझ्या बोटांवर येतात ३७. अमेरिकेत तुमच्या विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या शिकारीला किमान ३० पौंड लागतात, तेव्हा कायद्यात ते बसतं. पण म्हणून लांबून बाण सोडू नकोस, ही माझी विनंती आहे. त्यावर खाली लिहितो. आणि एखाद्या उंच मित्राला "बघू, बघू" म्हणून ते ओढायला देऊ नकोस. ज्या मापाला ते घडवलंय त्याच्या पुढं ओढलं तर तुटेल. बाण न लावता दोरी सोडायची तर कधीच नाही. बाणात जायची ताकद मग लाकडातच फुटते.

पार्सल याच आठवड्यात तिकडं येणाऱ्या एकांबरोबर देतोय. त्यात हातपट्टा, बोटांचं चामडं आणि कमरेचा छोटा भाता आहे. तिन्ही वस्तू इथल्या चप्पल लाईनीतल्या एका कारागिराकडून करून घेतल्या. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं, ज्याची आपली चप्पल होते तेच. बोटांचं चामडं म्हणजे काय ते त्याला सांगून कळेना. मग मी जुन्या पंख्याच्या पट्ट्याला सुतळी बांधून नेली आणि तीन बोटांनी ओढून दाखवली. तेवढ्यानं कळलं. त्यानं रापीनं एक तुकडा कापला, माझ्या बोटांवर ठेवला, दोरी सोडायला लावली, मान हलवली आणि टाकून दिला. दुसराही टाकला. तिसऱ्याच्या वेळी चामड्याची गुळगुळीत बाजू दोरीकडं घेतली, कड बारीक केली आणि मधल्या बोटाशी, बाणाची खाच येते तिथं, अर्ध्या बोटाची चीर दिली. "दोरी आता पाण्यावरनं गेल्यासारखी जाईल," म्हणाला. पैसे कमी सांगत होता, मी पुरते दिले. सुरुवातीला चामडं कडक लागेल. तेलाचं बोट फिरव आणि आठवडाभर रोज वापर, मग हाताला बसेल.

तू आठवीत असताना शाळेतलं बांबूचं धनुष्य घेऊन इंडियन राउंड खेळायचीस, ३० मीटर आणि ५० मीटर. सरावाला मी शेतात पाचटाचा भारा उभा करून द्यायचो. तेव्हा तुझं लक्ष गुणांवर असायचं. आता तुला मोजायला कुणी नाही, आणि मला वाटतं तू पहिल्यांदा खरी नेमबाजी करतेयस. जंगलात फिरताना कुजलेल्या ओंडक्यांवर बोथट बाण मारत जातेस म्हणालीस, ते फार आवडलं. प्रत्येक ओंडका वेगळ्या अंतरावर, वेगळ्या उतारावर. डोळ्याला सवय लागते ती अशानंच.

बाणांकडं बारकाईनं बघत जा. लाकडी बाण सुटताना मुठीला वळसा घालून वाकतो आणि पुढं सरळ होतो. फार ताठ असला तर एका बाजूला जातो, फार लवचिक असला तर दुसऱ्या. म्हणून एकाच ताठपणाचे निवडून ठेव. टर्कीची पिसं लावतेस, तर एका बाणाला डाव्या पंखाचीच किंवा उजव्याचीच, मिसळ नको. पीस मुठीला घासलं तरी दबून पुन्हा उभं राहतं, प्लास्टिकचं पातं धक्का देतं. दोरीला मेण लाव. रात्री दोरी उतरवून धनुष्य आडवं टांग, कोपऱ्यात उभं ठेवू नकोस, आणि उन्हात बंद गाडीत तर मुळीच नको.

आता ते अंतराचं. ही गोष्ट तुला मी कधी सांगितली नाही.

मी नऊ वर्षांचा होतो, शिकारबंदीचा कायदा यायच्या आधीची गोष्ट. आज्जांबरोबर माळ्यावर राखणीला जायचो. त्यांच्या हातात गोफण, माझ्या हातात तो कामठा. एका संध्याकाळी बांधावर ससा आला, चांगला चाळीस पावलांवर. मी बाण सोडला. त्याला लोखंडाचं टोकही नव्हतं, नुसता तासलेला बांबू. बाण मागच्या मांडीत लागला आणि ससा बाणासकट उसात शिरला. आज्जा माळ्यावरून उतरले, कंदील पेटवला आणि आम्ही सरी-सरी शोधत राहिलो. उसाची पानं तोंडाला कापत होती. मध्यरात्र झाली तरी ससा सापडला नाही. आज्जा एक शब्द बोलले नाहीत. सकाळी कामठ्याची दोरी काढून त्यांनी गोठ्यात म्हशीचं दावं बांधायला वापरली. मी पुन्हा कधी जनावरावर बाण धरला नाही.

म्हणून सांगतो, पंधरा यार्डांच्या पलीकडं नको. वीस यार्ड धरलं तर झाले साठ फूट. तुझा बाण सेकंदाला दीडशेच फूट जाणार आणि दोरीचा आवाज त्याच्या सात पटीनं आधी पोचणार. हरीण दचकलं की आधी खाली दबतं, मग उडी घेतं, आणि बाण पाठीवरनं जातो किंवा नको तिथं लागतो. बाण बंदुकीसारखा धक्क्यानं मारत नाही, रक्त वाहून मारतो. तेव्हा पातं दाढी होईल असं धारदार पाहिजे, आणि जागा एकच, पुढच्या पायाच्या मागं, जनावर आडवं उभं असताना. समोर तोंड करून उभं असेल तर सोडू नकोस.

पण तुला हे सगळं माहीत आहे, नाहीतर गेल्या हंगामात अकरा पहाटा झाडावर बसून तू एकही बाण न सोडता उतरली नसतीस. फोनवर तू सांगत होतीस, पानावरचं दव गळतानाचा आवाज, खार जवळून गेली ती, हरणी दहा यार्डांवर आली आणि तिच्या नाकातली वाफ दिसली. तुझा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. बंदूकवाल्याला एवढं जवळ जावंच लागत नाही. मला तर वाटतं धनुष्याचा खरा आनंद त्या जवळ जाण्यातच आहे.

तू ज्या मॅडिसनमध्ये राहतेस तिथंच १९३३ पासून आल्डो लिओपोल्ड प्राध्यापक होते. रान कसं जपायचं ते अमेरिकेला शिकवणारा माणूस, आणि धनुष्यं स्वतःच्या हातानं घडवायचा. बायकोही तिरंदाजीत राज्याची विजेती. १९३४ साली धनुष्यबाणासाठी हरणांचा वेगळा हंगाम देणारं विस्कॉन्सिन पहिलं राज्य ठरलं. हे मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, "आपल्या दाजीपुरात बंदी, मग तिकडं का चालतं?" तिला म्हटलं, दाजीपूर महाराजांचं शिकारीचं रान होतं, १९५८ ला अभयारण्य झालं म्हणून आज गवे दिसतात. इथली बंदी मला मनापासून पटते. तिकडं हरणं उदंड आहेत आणि सरकार हंगाम मोजून देतं. आईला सगळं पटलं नाही. पण आपण तांबडा-पांढरा खाणारी माणसं, आणि मटण कापताना कधी तिथं उभी न राहिलेली. यावर ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, मिळालंच तर चरबी कमी असते म्हणतात, फार शिजवू नकोस म्हणावं, कांदा-लसूण चटणी पार्सलमध्ये घालते.

घातलीय, दोन किलो.

एकच राहिलं. झाडावर चढायच्या आधी अख्ख्या अंगाचा सुरक्षा-पट्टा (हार्नेस) जमिनीवरच बांध आणि पाय परत मातीला लागेपर्यंत सोडू नकोस. धनुष्य दोरीनं वर ओढून घे, हातात घेऊन चढू नकोस. पार्सल मिळालं की दोरी चढव, मूठ ते दोरी किती इंच भरतं ते मोजून कळव. सातच्या आत असेल तर दोरीला चार पीळ दे.

तुझे,
बाबा